खड्डा तोच, रोप नवं!

आपल्या कॉलेजात वृक्षारोपण होतं का? होतं. दरवर्षी होतं, अगदी नेमाने होतं. जुलै महिना, भुरभुर पाऊस, हॉस्टेलमागचा माळ, एन.एस.एस.चा बॅनर, ओल्या खुर्च्या, पाहुण्यांच्या हातात एक झारी आणि त्या झारीभोवती पंधरा मोबाईल. फर्स्ट इयरला मीही त्या गर्दीत होते. (खरं सांगायचं तर त्या दिवशी वर्कशॉपचं प्रॅक्टिकल बुडणार होतं म्हणून गेले होते. लोखंडाचा तुकडा घासत बसण्यापेक्षा झाड लावणं केव्हाही बरं!) माझ्या वाट्याला करंजाचं रोप आलं. मी ते खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, पायाने दाबली, फोटो काढून घेतला आणि हात धुऊन कँटीनला वडापाव खायला गेले.

त्या करंजाची आणि माझी पुढची भेट थेट मे महिन्यात झाली. सबमिशन, ओरल, पेपर सगळं आटपून घरी जायच्या आदल्या संध्याकाळी सहज मागे गेले. बांबूची काठी जागेवर होती, सुतळी होती, आमच्या बॅचची पत्र्याची पाटीसुद्धा होती. सुतळीत एक वाळकी काडी अडकलेली होती. नखाने खरवडून पाहिली. आत हिरवं काही नव्हतं.

सेकंड इयरच्या जुलैत पुन्हा बॅनर लागला. मी मुद्दाम माझ्या खड्ड्यापाशी जाऊन उभी राहिले. खड्डा तोच, रोप नवं, पाहुणे नवे. बॅनर मात्र जुनाच, सालाच्या आकड्यावर तेवढा पांढरा कागद चिकटवलेला. आणि टाळ्या वाजवणारे आम्हीही तेच.

हे काही आपल्याच कॉलेजात होतं असं नाही. महाराष्ट्रात २०१६ साली २ कोटी झाडं लावायची ठरली होती, आणि पुढच्या तीन पावसाळ्यांत ४, १३ आणि ३३ मिळून ५० कोटी. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या रूम पार्टनरला हे आकडे तोंडपाठ आहेत. त्यातली जगली किती, हे मात्र तिच्या गाईडमध्ये नाही. लावणं हा एका सकाळचा कार्यक्रम असतो. जगवणं हे फेब्रुवारी ते जूनचं काम आहे, आणि नेमकं तेव्हा आपलं सबमिशन असतं.

तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना पुढचं वाचायला हुरूप येईल. आपल्या कॉलेजने पुढच्या वर्षी एकही नवं रोप लावू नये. त्याऐवजी जी आहेत त्यांच्या बुडाशी आपल्याच हॉस्टेलातली वर्तमानपत्रं आणि पुठ्ठ्याची खोकी अंथरावीत. हसू नका. मीही पहिल्यांदा हसलेच होते.

थर्ड इयरला हायड्रॉलॉजी नावाचा विषय येतो. (सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी हा परिच्छेद ऑप्शनला टाकला तरी चालेल.) त्यात बाष्पीभवन मोजायचं एक पत्र्याचं गोल भांडं असतं, साधारण १.२ मीटर व्यासाचं. त्याची आकृती काढायची, भागांना नावं द्यायची. मग ‘जलाशयातील बाष्पीभवन रोखण्याचे उपाय लिहा’ हा हमखास प्रश्न. आपण लिहितो की पाण्यावर सेटिल अल्कोहोलचा पातळ थर पसरावा, वारा अडवायला काठाने झाडं लावावीत वगैरे. पाच मार्क. मी तो प्रश्न घोटत होते आणि खिडकीतून माळीमामा टँकरच्या पाण्याने रोपांची आळी भरताना दिसत होते. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला, की अख्ख्या धरणावर झाकण घालायचा उपाय आपल्याला पाठ आहे, पण मीटरभराच्या आळ्यावर झाकण घालायचं कुणाला सुचत नाही!

हिशोब अगदी सोपा आहे. एक मीटर व्यासाच्या आळ्याचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मीटर. आपल्या पठारावर मे महिन्यात त्या भांड्यातलं पाणी दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उतरतं. आठच धरा. एक चौरस मीटरवरचं एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे ओल्याकंच आळ्यातून दिवसाला सहा लिटरच्या वर पाणी नुसतं हवेत जाऊ शकतं. माती वरून सुकली की हा वेग झपाट्याने कमी होतो, पण पहिले दोन दिवस तरी तो जवळपास तेवढाच असतो. मामा आठवड्याला एका झाडाला दोन बादल्या घालतात, म्हणजे तीसेक लिटर. त्यातले बारा लिटरपर्यंत पाणी दोन दिवसांत झाडाच्या मुळाला न भेटताच गायब! हा वरच्या बाजूचा अंदाज आहे हे कबूल, पण निम्मा धरला तरी प्रत्येक आळ्यातून जवळपास अर्धी बादली जाते. आणि पाणी येतं कुठून? एप्रिलमध्ये विहीर तळाला जाते आणि टँकर सुरू होतो. टँकर आला की आधी हॉस्टेल, मग मेस, मग लॅब, आणि उरलं तर झाडं.

हा हिशोब मी मोठ्या ऐटीत मामांना ऐकवला. ते खाली बसून गवत उपटत होते. म्हणाले, “ताई, ह्यो हिशोब आमच्याकडं समद्यांना ठावं हाय. ऊस तुटला की पाचट सरीत दाबायचं. मग पाण्याची एक पाळी चुकली तरी ऊस दम धरतो.”

“मग मामा, इथे का नाही टाकत?”

“हितं पाचट कुठनं आणू? पाला झाडला की साहेब म्हनत्यात, उचला आन् पेटवा.”

माझं घर शहरातलं, झाडं म्हणजे गॅलरीतली तुळस आणि मनीप्लँट. त्यामुळे ‘आच्छादन’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नंतर लायब्ररीत शोधलं तर कळलं की यात नवं असं काहीच नाही. श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’मधून घरच्या पाल्यापाचोळ्यावर बाग कशी फुलवायची हे आपल्या आईवडिलांच्या पिढीला सांगितलं. विदर्भातल्या सुभाष पाळेकरांच्या शेतीपद्धतीत तर बीजामृत, जीवामृत, आच्छादन आणि वाफसा हे चार खांबच आहेत. अमेरिकेत रूथ स्टाउट नावाच्या बाईंनी १९५५ साली पुस्तक लिहिलं, त्यात बागेवर वाळल्या गवताचा जाड थर टाकून खुरपणीतून सुटका करून घ्यायची युक्ती होती. पुढे १९९८ साली तिथल्याच पॅट्रिशिया लांझा यांनी ओल्या वर्तमानपत्रांवर पाला, खत असे थर रचून वाफा करायची पद्धत पुस्तकातून लोकप्रिय केली आणि तिला लझान्या या इटालियन पदार्थाचं नाव दिलं. आपल्याकडे कुणी लिहिलं असतं तर बाकरवडी म्हटलं असतं!

गंमत म्हणजे, आज कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘मल्चिंग पेपर’ मागितलात तर कागद मिळत नाही. प्लॅस्टिक मिळतं. एका बाजूने चंदेरी, दुसऱ्या बाजूने काळं, पंचवीस-तीस मायक्रॉनचं. टोमॅटो, मिरची, कलिंगडवाले शेतकरी वापरतात आणि त्यांना त्याचा फायदाही होतो. त्यांचं पोट त्यावर आहे, मी कोण बोलणार. पण हंगाम संपल्यावर त्याच्या फाटक्या चिंध्या बांधावर फडफडताना एस.टी.च्या खिडकीतून तुम्हीही पाहिल्या असतील. नाव पेपरचं आणि काम प्लॅस्टिकचं. आम्ही म्हटलं, आपण खराच पेपर घालून बघू.

आमच्या हॉस्टेलवर कागदाला काय तोटा? जिन्याखाली पार्सलच्या खोक्यांचा डोंगर असतो. किती पार्सलं येतात ते गेटवरच्या काकूंना विचारा, त्या सही घेऊन घेऊन कंटाळल्या आहेत. रीडिंग रूमची वर्तमानपत्रं आहेत. आणि सेमिस्टरच्या शेवटी टर्मवर्क झालं की जर्नलं, असाइनमेंटा, ग्राफिक्सच्या शीट यांचा जो ढीग पडतो तो वेगळाच. चांगली कोरडी रद्दी रद्दीवाले काका नेतात, आणि ती त्यांनाच गेली पाहिजे. कागदाचा धागा पाच-सात वेळा पुन्हा कागद होऊ शकतो, तो पहिल्याच फेरीत मातीत घालणं मलाही पटत नाही. पण पावसात भिजलेली, फाटलेली, चिखल लागलेली खोकी काका घेत नाहीत. ती मेसच्या मागे जातात आणि कुणीतरी काडी लावतं. मला फक्त तीच हवी आहेत.

पहिला प्रयोग ऑक्टोबरात केला आणि तो साफ फसला. आम्ही तिघी. गठ्ठा घेऊन गेलो, कोरड्या आळ्यात कोरडे पेपर पसरले, वर दगड ठेवले आणि लेक्चरला पळालो. दुपारी वारा सुटला. शेअर बाजाराचं पान पार्किंगमध्ये, राशिभविष्य लायब्ररीच्या पायरीवर, आणि एक अख्खी पुरवणी आमच्याच एका सरांच्या गाडीच्या काचेवर! उरलेले पेपर माळावर चरायला आलेल्या गाईने खाल्ले. मामा काही बोलले नाहीत, फक्त हसले. संध्याकाळी आम्ही सगळा कॅम्पस फिरून कागद वेचले.

चूक काय झाली ते मागाहून कळलं. कोरड्या मातीवर आच्छादन घालणं म्हणजे रिकाम्या डब्याला झाकण लावणं. आधी आत ओल पाहिजे, मग वर झाकण. नंतर परतीचा पाऊस एकदा झोडपून गेला, जमीन गच्च भिजली, आणि त्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मामाही बरोबर.

पद्धत सांगते, कारण सगळं यश पद्धतीत आहे. आळ्यातलं उंच गवत आधी दाबून टाकायचं, मुळासकट उपटलं नाही तरी चालतं. त्यावर शेणाचं पातळ पाणी शिंपडायचं. मामा त्याला शेणकाला म्हणतात. पेपर बादलीत पूर्ण बुडवून ओले करायचे आणि आठ-दहा पानांच्या जाडीने पसरायचे. दोन गठ्ठ्यांच्या कडा वीतभर एकमेकांवर आल्या पाहिजेत, नाहीतर फटीतून हरळी डोकं काढतेच. पुठ्ठा असेल तर एकच थर पुरतो, फक्त तो भिजवायचा चांगला. पुठ्ठ्याचं खोकं कधी नीट पाहिलंय? वर-खाली सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद, तिन्ही स्टार्चच्या खळीने चिकटवलेले. म्हणजे आत हवेच्या नळ्याच नळ्या. मेकॅनिकलवाल्यांनी याला इन्सुलेशन म्हणावं. रोपाच्या खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी सोडायचीच, खोडाला ओला पुठ्ठा टेकला तर साल कुजते. आणि या सगळ्यावर वाळक्या पाल्याचा चांगला वीतभर थर. हा पाला म्हणजे नुसती शोभा नव्हे. तो नसेल तर पुठ्ठा उन्हात सुकतो, कडा वर वळतात आणि मग पाणी आत जायच्या ऐवजी पन्हाळीसारखं बाहेर जातं.

काय घालायचं नाही तेही सांगते. चकचकीत पुरवण्या नाहीत, त्यांच्यावर चिनी मातीचा लेप असतो आणि त्या पाणी पीत नाहीत. बिलाच्या गुळगुळीत पावत्या नाहीत, त्या कागदावर रसायनाचा थर असतो. वडापावचे तेलकट कागद नाहीत, घुशी उकरतात. खोक्यावरची चिकटपट्टी, लेबल, पिना सगळं काढायचं. जर्नलांची प्लॅस्टिकची कव्हरं काढायची. माझं सर्वेइंगचं एक जर्नल, ज्यावर सरांनी लाल पेनाने ‘रिपीट’ असं ठसठशीत लिहिलं होतं, ते एका बहाव्याच्या बुडाशी गेलं. माझ्या कुठल्याही सबमिशनचा इतका उपयोग झालेला नाही!

चाळीस रोपांपैकी आम्ही वीस झाकली. उरलेली वीस तशीच राहिली. शास्त्रीय प्रयोग म्हणून नव्हे, शनिवार संपला म्हणून. त्यात आमची वीस नळाच्या बाजूची होती. तेव्हा पुढचे आकडे कुणी पेपर प्रेझेंटेशनला वापरू नयेत, ही विनंती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाकलेल्या विसांतली सतरा हिरवी होती. उघड्या विसांतली नऊ.

पण आकड्यांपेक्षा माझ्या लक्षात राहिली ती मार्चमधली एक दुपार. बाहेर माळावर उघड्या मुरमाला हात लावता येत नव्हता; अशा जमिनीचा पृष्ठभाग उन्हाळ्यात पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो. मामांनी काठीने एक पुठ्ठा उचलला (काठीनेच उचलायचा, खाली विंचू असू शकतो) आणि म्हणाले, “हात घाला.” मी हात घातला. माती गार होती. ओली चिकट नाही, मुठीत दाबली की गोळा होईल आणि बोटाने टोकरली की फुटेल अशी. मामा म्हणाले, “ह्यो वाफसा.” चार महिने सॉइल मेकॅनिक्स शिकून जे हाताला कळलं नव्हतं ते त्या दिवशी कळलं.

आता रडगाणं. एप्रिलच्या मध्यात कॉलेजात कमिटी येणार होती. कमिटी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. आठ दिवस सगळीकडे रंगाचा वास. आळ्यांभोवतीच्या विटांना गेरू लावला, जिन्यांच्या कोपऱ्यांतल्या पानाच्या पिचकाऱ्यांवर पांढरा रंग फिरला, बंद पडलेल्या मशिनवर ‘अंडर मेंटेनन्स’च्या पाट्या लागल्या. आणि हुकूम निघाला की मागच्या माळावरचा ‘कचरा’ उचला. आमची खोकी! मी जाऊन सांगितलं, “सर, त्याच्याखाली ओल आहे, आत्ता काढलं तर झाडं मरतील.” उत्तर मिळालं, “दोन दिवसांचा प्रश्न आहे, कमिटी गेली की परत टाका.” एप्रिलच्या उन्हात दोन दिवस उघडं पडणं म्हणजे काय, हे सिव्हिलच्या माणसाला सिव्हिलच्या मुलीने सांगायचं म्हणजे कठीणच.

आणि आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. मी भांडले नाही. ओरल तोंडावर होत्या, टर्मवर्कवर सह्या व्हायच्या होत्या. मामा एकटे पुठ्ठे ओढत होते ते बघवेना, म्हणून मी गोणीचं तोंड धरून उभी राहिले. वीसही आळी आम्ही दोघांनी तासाभरात उघडी केली. संध्याकाळी मेसच्या मागे धूर दिसला. म्हणजे परत टाकायला काही उरलंच नव्हतं. कमिटीला जे प्रेझेंटेशन दाखवलं त्यात ‘ग्रीन कॅम्पस’ची स्लाइड होती, आणि तिच्यावर माझ्या फर्स्ट इयरच्या करंजाचा फोटो होता. मेलेल्या करंजाचा, जिवंत असतानाचा.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे हे कुणाला माहीत नाही असं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यावर साधा ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार रुपये दंड ठरवून दिला. तो आदेश ज्या खटल्यात आला तो अलमित्रा पटेल या बाईंनी १९९६ साली सुप्रीम कोर्टात नेला होता, आणि त्या अमेरिकेतल्या एम.आय.टी.त शिकलेल्या इंजिनिअर आहेत. इंजिनिअर बाई वीस वर्षं एका खटल्याच्या मागे लागते आणि मी एका सहीसाठी गोणी धरते. असो.

सतरांपैकी पाऊस येईपर्यंत अकरा उरली.

हा लेख लिहायचा म्हटल्यावर वर्गातल्या मित्रमंडळींनी शंकांचा भडिमार केला. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. शाईचं काय? वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत अशी सूचना एफ.एस.एस.ए.आय.ने डिसेंबर २०१६ मध्ये काढली होती, मग मातीत चालते? तिथे धोका आहे तो गरम, तेलकट पदार्थ शाईला थेट लागून पोटात जाण्याचा. काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी आणि तेल. आपण माळावर करंज, कडुनिंब, बहावा लावतो, पालक-मेथी नाही. तरी मी स्वतः भाजीच्या वाफ्यात छापील कागद घालणार नाही, तिथे बिनछपाईचा तपकिरी पुठ्ठा घालीन. वाळवीचं काय? वाळवी येते. कागद म्हणजे तिचं जेवणच. पण तिचं पहिलं लक्ष मेलेल्या लाकूड-कागदाकडे असतं. खोडाजवळ चार बोटं मोकळी असली आणि रोप तरतरीत असलं तर सहसा निभावतं. आमचं एक रोप मात्र वाळवीने गेलं, हे लपवत नाही. आणि लव्हाळा? लव्हाळ्यापुढे हात जोडले. तो प्लॅस्टिकलासुद्धा भोक पाडून वर येतो, तिथे पेपरची काय कथा. गाजरगवत मात्र या झाकणाखाली उगवू शकलं नाही. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेलं हे गवत आता देशभर पसरलंय, तेव्हा वीस आळ्यांपुरता तरी सूड उगवला म्हणायचा!

केमिकलच्या एका मैत्रिणीची शंका सगळ्यात नेमकी होती. कागदात कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नावाला. कंपोस्टसाठी २५-३० ला १ हे प्रमाण चांगलं, वर्तमानपत्रात ते काही शे ला १. तो कुजवताना सूक्ष्मजीव मातीतला नायट्रोजन ओढून घेणार आणि झाड पिवळं पडणार. बरोबर आहे, पण कागद मातीत मिसळला तर. म्हणून तो खणून गाडायचा नाही, वर अंथरायचा, आणि खाली शेणकाला द्यायचा. वर्षभरात खालून खालून मऊ होत तो जातोच. ऑक्टोबरात घातलेले पेपर पुढच्या पावसाळ्यात हाताला पीठ झाल्यासारखे लागतात.

आणि एक विरोध असा आहे की ज्याला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट या उद्यानशास्त्राच्या बाई कित्येक वर्षं पुठ्ठ्याच्या विरोधात लिहीत आहेत. त्यांचं म्हणणं, पुठ्ठ्याने माती आणि हवा यांच्यातली वायूंची ये-जा अडते. त्यापेक्षा लाकडाचे जाड तुकडे पसरा. मला वाटतं त्यांचं बरोबर असावं, विशेषतः काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत आणि भर पावसाळ्यात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही आळ्यांत फक्त पाला ठेवतो. पण आपला माळ मुरमाड, पाणी खाली पळणारा, आणि लाकडाचे तुकडे करायचं यंत्र आपल्याकडे नाही. आपल्याकडे आहेत ती खोकी. मामांच्या भाषेत सांगायचं तर पाचट नाही म्हणून पुठ्ठा. उद्या कुणी भरपूर पाला, गवत, काटक्या आणून दिल्या तर मी पुठ्ठ्याचा हट्ट धरणार नाही.

“गबाळं दिसतं” हा जो आक्षेप आहे त्याला मात्र मी काडीची किंमत देत नाही. वर पाला घातला की पुठ्ठा दिसत नाही. आणि दिसला तरी काय बिघडलं? मेलेली काडी बांधून ठेवलेला बांबू फार देखणा दिसतो का?

या वर्षीच्या जुलैत पुन्हा चाळीस रोपं आली. मी या वेळी गेले नाही. एन.एस.एस.च्या सरांना मात्र भेटले आणि पुढच्या वर्षी रोपांऐवजी हे काम घ्या म्हणून लेखी अर्ज दिला. ते म्हणाले, बघू. त्याच अर्जात दुसरी एक ओळ घातली आहे, की कमिटी कुठलीही येवो, मार्च ते जून आळ्यांना हात लावायचा नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण अर्जाला आवक क्रमांक मिळाला आहे आणि त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. इतर कॉलेजांतल्या वाचकांना हे हास्यास्पद वाटेल, पण आपल्याकडे आवक क्रमांक मिळणं म्हणजे निम्मं काम झालं!

मागच्या वर्षीची अकरा आणि या वर्षीची चाळीस, अशी एक्कावन्न आळी आहेत. परतीचा पाऊस होऊन जमीन भिजली की लगेचच्या शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही माळावर असू. मामा शेण आणणार आहेत. गर्ल्स हॉस्टेलच्या जिन्याखाली खोकी साठवायला सुरुवात केली आहे, बॉइज हॉस्टेलवाल्यांनी आपली तिथेच आणून टाकावीत. फक्त आणण्याआधी चिकटपट्ट्या काढा. गेल्या वेळी त्या काढण्यातच आमची अर्धी सकाळ गेली, आणि विसांवर थांबावं लागलं ते त्यामुळेच.